आपल्या हातून कुणाला इजा होईल या भीतीचा ओसीडी: ओळख, उपचार आणि घरच्यांचं काम

भाजी चिरताना शेजारी आई उभी असते आणि एकाएकी मनात येतं, ‘ही सुरी हिला मारली तर?’ फलाटावर पुढे उभ्या असलेल्या अनोळखी माणसाकडे बघून येतं, ‘याला ढकललं तर?’ तान्ह्या बाळाला न्हाऊ घालताना येतं, ‘हातून काही केलं तर?’ असं काहीबाही बहुतेकांच्या मनात येतं आणि निघूनही जातं. काहींच्या मनातून मात्र ते जात नाही. ते हादरतात. सुरी खाली ठेवतात, फलाटावर भिंतीला टेकून उभे राहतात, बाळाची अंघोळ सासूवर सोपवतात आणि रात्रभर स्वतःला विचारत बसतात, ‘माझ्या मनात हे आलंच कसं? मी मुळात वाईट माणूस तर नाही ना?’

हा लेख त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे. ओसीडी (ऑब्सेसिव्ह-कम्पल्सिव्ह डिसऑर्डर), म्हणजेच मंत्रचळ, म्हटलं की सारखे हात धुणारी, कुलूप दहादा ओढून बघणारी व्यक्ती डोळ्यांसमोर येते. इजेच्या भीतीचा प्रकार बाहेरून दिसत नाही, म्हणून तो वर्षानुवर्षं लपून राहतो. ज्याला तो होतो त्याला आपण आजारी आहोत असं वाटतच नाही, आपण धोकादायक आहोत असं वाटतं. मग सांगणार कुणाला? मला इथे मुख्यतः एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. मनात आलेला विचार हा आजार नव्हे. त्या विचाराला उत्तर देत राहणं, त्याची खातरजमा करत राहणं, यावर हा आजार जगतो. उपचारही तिथेच करायचा असतो.

विचार येतो सगळ्यांना, अडकतो काहींना

१९७८ साली रॅकमन आणि डी सिल्वा या दोन मानसशास्त्रज्ञांनी निरोगी माणसांच्या मनात येणारे नकोसे विचार आणि ओसीडीच्या रुग्णांचे विचार ताडून पाहिले. विषय बरेचसे तेच निघाले: कुणाला मारणं, उंचावरून उडी घेणं, भलतंच काही बोलून बसणं. २०१४ साली १३ देशांतल्या ७७७ विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आधीच्या तीन महिन्यांत असा निदान एक तरी नकोसा विचार येऊन गेल्याचं त्यांतल्या जवळजवळ ९४ टक्क्यांनी सांगितलं. म्हणजे फरक विचारात नाही. फरक आहे तो त्या विचाराचा आपण काय अर्थ लावतो यात.

मानसशास्त्रज्ञ पॉल सॅल्कोव्हस्किस यांनी १९८५ साली मांडलं की ओसीडी असलेला माणूस अशा विचारातून स्वतःवर अवाजवी जबाबदारी ओढवून घेतो: ‘हे माझ्या मनात आलं, तर ते होऊ न देणं माझंच काम, आणि मी पुरेशी काळजी घेतली नाही तर दोषही माझाच.’ त्याच्या जोडीला आणखी एक समजूत असते, की वाईट विचार करणं हे वाईट कृत्य करण्याइतकंच आहे किंवा विचार केल्याने ती गोष्ट घडण्याची शक्यता वाढते.

ही समजूत आपल्या घरांत लहानपणापासून कानावर पडलेली असते. तिन्हीसांजेला अभद्र बोलू नये, वास्तुपुरुष ‘तथास्तु’ म्हणत असतो. ‘मनातसुद्धा आणू नकोस.’ ज्याला हा आजार नाही तो हे ऐकतो आणि सोडून देतो. ज्याला आहे त्याच्या मनात ते रुतून बसतं, कारण विचार हा जणू गुन्हाच आहे याला घरच्या वडीलधाऱ्यांची साक्ष मिळते. श्रद्धा सोडायला मी सांगत नाही. पण या आजारात त्या वाक्याचा उपयोग भीतीला खतपाणी म्हणून होतो, हे ओळखायला हवं.

मग माणूस विचार दाबायला जातो. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेगनर यांनी १९८७ साली प्रयोगात सहभागी झालेल्यांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलं, तर अस्वल मनात येतच राहिलं. विचार दाबायचा म्हणजे तो आला का हे तपासत राहावं लागतं, आणि तपासायचं म्हणजे तो आठवावाच लागतो. ओसीडीत हेच दिवसाचे तासन् तास चालतं.

पहिलं काम: स्वतःच्या सक्तीच्या कृती शोधा

इजेच्या भीतीत विचार ठळक दिसतात, कृती लपलेल्या असतात. ‘मी काहीच करत नाही, नुसते विचार येतात,’ असं सांगणाऱ्या माणसाच्या दिवसातही नीट पाहिलं तर अशा कृती सापडतात. विचार आल्यावर बेचैनी कमी करण्यासाठी आपण जे जे करतो ते सगळं यात धरायचं.

सगळ्यांत उघड कृती म्हणजे टाळणं. सुऱ्या, कात्र्या, विळी कपाटात बंद करून किल्ली दुसऱ्याकडे देणं. गच्चीवर न जाणं. भाचरांना उचलून न घेणं. खुनाच्या बातम्या आल्या की टीव्ही बंद करणं. दुसरी तपासण्याची. स्कूटर खड्ड्यात आदळली की ‘माणूस तर नव्हता ना?’ म्हणून गाडी वळवून त्याच जागी परत जाणं, तिथून निघाल्यावर पुन्हा वळणं, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात अपघाताची बातमी शोधणं. आपल्या रस्त्यांवर दर शंभर पावलांवर एक खड्डा, म्हणजे अशा माणसाचा ऑफिसचा प्रवास किती लांबत असेल! गॅसचं बटण बघून फोटो काढून ठेवणं, दुकानात ग्राहकाला दिलेल्या औषधाची पट्टी मनात पुन्हा पुन्हा वाचणं, हेही त्यातलंच.

तिसरी कृती खात्री मागण्याची. ‘मी तसा नाही ना?’ हे आईला, नवऱ्याला, मित्राला विचारत राहणं. प्रश्नाचं रूप बदलतं, ‘तू मला किती वर्षं ओळखतेस?’ असाही तो येतो. आता यात इंटरनेटची भर पडली आहे: ‘खुनी माणसाची लक्षणं’ असं शोधून आपल्याशी ताडून बघणं. हा लेख तुम्ही चौथ्यांदा वाचत असाल आणि ‘माझा ओसीडीच आहे ना, नक्की?’ हे शोधत असाल, तर हीसुद्धा तीच कृती आहे. एकदा वाचा आणि पुढच्या कामाला लागा.

चौथी मनातल्या मनात चालते, म्हणून ती सापडायला सगळ्यांत कठीण. वाईट चित्र आलं की लगेच चांगलं चित्र मनात आणणं. ‘राम राम’ म्हणून ते पुसणं, अक्षर चुकलं तर पहिल्यापासून म्हणणं. ‘त्या वेळी मला राग आला होता का? मला बरं वाटलं होतं का?’ असं जुन्या प्रसंगाचं पोस्टमॉर्टेम करणं. भक्तीने म्हटलेली रामरक्षा आणि भीतीने म्हटलेली रामरक्षा यांतला फरक म्हणणाऱ्यालाच कळतो: न म्हटल्यास कुणाचं तरी बरंवाईट होईल असं वाटत असेल आणि ‘बरोबर’ वाटेपर्यंत ती संपत नसेल, तर ती या यादीत जाते.

आठवडाभर वहीत टिपून ठेवा: काय मनात आलं, त्याचा मी काय अर्थ लावला, मी काय केलं, किती वेळ गेला. लांबलचक लिहू नका, एका प्रसंगाला एक ओळ पुरे. पुढे डॉक्टरांना दाखवायला हीच वही सगळ्यांत उपयोगी पडते.

या सगळ्या कृतींनी बरं वाटतं, हे खरं आहे. पण डास चावलेल्या जागी खाजवावं तसं ते बरं वाटणं असतं, थोड्या वेळाने खाज वाढते. प्रत्येक वेळी मेंदू शिकतो की ‘सुरी लपवली म्हणून आई वाचली.’ सुरी हातात असतानाही काही झालं नसतं, हे शिकण्याची संधीच त्याला मिळत नाही.

हा ओसीडीच आहे की खरा धोका?

ज्याला हा विचार येतो त्याला तो घृणास्पद वाटतो. तो त्याच्या स्वभावाच्या, त्याच्या मूल्यांच्या नेमका विरुद्ध असतो. ज्याच्यावर सगळ्यांत जास्त जीव, त्याच्याबद्दलच हा विचार बहुतेकदा येतो. तो माणूस विचारापासून पळतो, बेत आखत नाही. विचार मनातून येतो हे त्याला कळतं, कानात कुणी हुकूम देत नसतं. असे विचार आले म्हणून ओसीडी असलेला माणूस ते कृत्य करतो असं दिसत नाही, आणि हे मनोविकारतज्ज्ञांना चांगलं ठाऊक असतं.

मात्र काही गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्या दिसल्या तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. कुणाचे तरी आवाज ऐकू येणं. ‘अमक्याला मारणं योग्यच आहे’ असं पटू लागणं. राग आणि सूड यांतून प्रत्यक्ष तयारी सुरू होणं. खूप नैराश्य येऊन स्वतः जगू नये असं मनापासून वाटणं, कारण ओसीडीत नैराश्य अनेकदा सोबत येतं आणि त्यातला आत्महत्येचा धोका खरा असतो.

बाळंतिणीबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण तिथे गैरसमज फार महागात पडतो. कॅनडात झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बाळाला अपघाताने इजा होईल असे नकोसे विचार सगळ्याच नव्या आयांनी सांगितले, आणि आपणच मुद्दाम इजा करू असे विचार जवळजवळ निम्म्या जणींनी. म्हणजे ‘आईच्या मनात असं येऊच कसं शकतं?’ या प्रश्नाचं उत्तर, सर्रास येतं, असं आहे. त्यांतल्या थोड्या जणींना पुढे ओसीडी होतो. त्या बाळाला एकटीने घेत नाहीत, घरच्यांना वाटतं हिला माया नाही. प्रसूतीनंतरचा सायकोसिस हा निराळा आणि दुर्मीळ आजार आहे. त्यात झोप अजिबात उडते, बाई गोंधळलेली असते, बाळाविषयी विचित्र ठाम समजुती बोलून दाखवते आणि त्या तिला खऱ्याच वाटतात. ती तातडीची अवस्था आहे: तिला आणि बाळाला एकटं न ठेवता लगेच दवाखान्यात न्यायचं. विचारांना घाबरून रडणारी आई आणि त्या विचारांवर विश्वास ठेवणारी आई, यांत गल्लत होऊ देऊ नका.

डॉक्टरांना सांगायचं कसं?

इथे बहुतेक जण अडतात. ‘झोप लागत नाही, टेन्शन आहे’ इतकंच सांगून झोपेची गोळी घेऊन परत येतात. घरून चिठ्ठी लिहून न्या. तोंडातून शब्द फुटले नाहीत तर चिठ्ठी पुढे करा. त्यात एवढं असलं तरी पुरे: ‘डॉक्टर, जवळच्या माणसांना माझ्या हातून इजा होईल असे विचार मला इच्छा नसताना येतात. मला त्यांची भीती वाटते. ते येऊ नयेत म्हणून मी सुरीला हात लावत नाही आणि घरच्यांना सारखं विचारत राहते. हा ओसीडी असू शकतो का?’ या चार वाक्यांत निदानाला लागणारं बरंच काही येतं. ‘मला कुणाला तरी मारावंसं वाटतं’ असं मात्र सांगू नका, कारण ते खरं नाही. वाटते ती भीती.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचारांबाबत गोपनीयतेचा हक्क दिला आहे. कुणाच्या जिवाला खरा धोका असेल तेव्हा त्याला अपवाद असतो, आणि ओसीडीतली भीती म्हणजे तसा धोका नव्हे. पहिल्या डॉक्टरने ऐकून न घेता ‘असले विचार करू नका’ म्हणून वाटेला लावलं, तर दुसरा डॉक्टर शोधा. तो तुमचा दोष नाही.

सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मनोविकार विभागाची ओपीडी असते. ठाणे, पुणे-येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, गोव्यात बांबोळीला मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्था आहे. ठाण्याच्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थमध्ये समुपदेशन आणि उपचार मिळतात. बेंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत ओसीडीसाठी स्वतंत्र क्लिनिक आहे. कुठून सुरुवात करावी कळत नसेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक फिरवा. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली, ती मोफत आहे, दिवसरात्र चालते आणि तिथे मराठीतून बोलता येतं.

मनोविकारतज्ज्ञ औषध देतात, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट विचार आणि वर्तनावर काम करतात. थेरपिस्टकडे जाताना भीड न बाळगता विचारा: ‘तुम्ही ओसीडीसाठी ईआरपी करता का?’ (ईआरपी म्हणजे एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन, त्याची पद्धत पुढे येते.) नुसत्या गप्पा मारून, बालपण उकरून किंवा ‘तुम्ही चांगलेच आहात’ असा धीर देऊन हा आजार जात नाही. रोज धीर देणारा समुपदेशक कितीही प्रेमळ असला तरी नकळत खात्री पुरवण्याचंच काम करत असतो.

औषधाबद्दल थोडक्यात

फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, फ्लुवोक्सामिन, एस्सिटॅलोप्रॅम ही नेहमी दिली जाणारी औषधं. क्लोमिप्रॅमिन हे जुनं औषधही परिणामकारक आहे, पण त्याचे दुष्परिणाम जास्त. ओसीडीला बहुधा नैराश्यापेक्षा जास्त डोस लागतो, आणि गुण दिसायला ८ ते १२ आठवडे द्यावे लागतात. तिसऱ्या आठवड्यात ‘काही फरक नाही’ म्हणून सोडणारे फार. सुरुवातीला मळमळ, अस्वस्थता वाढू शकते. तरुण मुलांमध्ये पहिल्या काही आठवड्यांत मन जास्त खचलंय का याकडे लक्ष ठेवा. बरं वाटल्यावरही निदान वर्षभर तरी औषध चालू ठेवायला सांगतात. ते एकदम बंद करू नये, डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करायचं. स्तनपान चालू असतानाही उपचार घेता येतात, तेव्हा सर्ट्रालिनला अनेकदा पसंती दिली जाते.

ईआरपी: भीतीसमोर जायचं आणि उत्तर द्यायचं नाही

१९६६ साली लंडनमध्ये मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांनी ओसीडीच्या दोन रुग्णांवर हा उपचार केल्याचं नोंदवलं. त्याआधी ओसीडी जवळजवळ असाध्य समजला जाई. पद्धत ऐकायला सोपी आहे: ज्याची भीती वाटते त्या परिस्थितीत ठरवून जायचं आणि बेचैनी घालवण्यासाठीची सक्तीची कृती करायची नाही. सौम्य त्रास असेल तर पहिल्या पायऱ्या स्वतः सुरू करता येतात, पण त्रास मध्यम किंवा तीव्र असेल तर थेरपिस्टबरोबरच करा.

आधी शिडी बनवायची. समजा एका बाईला सुरीची भीती आहे, आणि विचार नवऱ्याबद्दल येतात. कुठल्या प्रसंगाला किती बेचैनी वाटते ते ० ते १०० मध्ये मांडायचं. ‘सुरी’ हा शब्द लिहून भिंतीवर लावणं, २०. ओट्यावर सुरी ठेवून स्वयंपाकघरात एकटीने बसणं, ३५. एकटीने काकडी चिरणं, ४५. नवरा स्वयंपाकघरात असताना चिरणं, ६५. तो पाठमोरा उभा असताना चिरणं, ८०. तो शेजारी झोपलेला असताना पलंगावर बसून सफरचंद कापणं, ९५. यांत एकही गोष्ट अशी नाही जी इतर घरांत रोज होत नाही. ईआरपी कुणालाही खऱ्या धोक्यात टाकत नाही. जे इतर लोक बिनघोर करतात तिथपर्यंतच जायचं असतं.

आता मुख्य भाग. काकडी चिरताना विचार येणारच. तेव्हा ‘मी असं कधीच करणार नाही’ असं मनात म्हणायचं नाही, ती खात्री झाली. ‘राम राम’ नाही, नवऱ्याकडे बघून ‘ठीक आहेस ना?’ नाही, हात घट्ट आवळून धरणं नाही. म्हणायचं असेल तर इतकंच: ‘होईल किंवा नाही होणार. मला नक्की ठाऊक नाही. मी काकडी चिरतेय.’ हे वाक्य पहिल्यांदा म्हणताना पोटात खड्डा पडतो. पण इतर माणसंही पूर्ण खात्री असते म्हणून सुरी वापरत नाहीत. खात्रीचा प्रश्न त्यांना पडतच नाही, आणि आपल्याला तिथेच पोचायचं आहे.

बेचैनी वर जाईल. ती आहे तशी राहू द्या, भीतीपोटी काम अर्धवट सोडू नका. कधी अर्ध्या तासात ती उतरते, कधी त्या दिवशी उतरतच नाही, तरी सराव वाया जात नाही. मेंदू शिकतो ते हे, की बेचैनी सोसता येते आणि ज्याची भीती होती ते घडलं नाही. तीच पायरी रोज, वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या जागी करा. आठवड्यातून एकदा थेरपिस्टसमोर करून भागत नाही, खरं काम घरी होतं. साधारण १२ ते २० सत्रांमध्ये पुष्कळ लोकांना चांगला फरक पडतो.

ज्यांच्या भीतीला बाहेर काही वस्तू नाही, त्यांनी भीतीचा प्रसंग स्वतःच्या शब्दांत लिहून मोबाइलवर रेकॉर्ड करून रोज ऐकायचा, तोही शेवट अनिश्चित ठेवून. स्कूटरवाल्याने खड्ड्यावरून जायचं, आरशात मागे न बघता पुढे जायचं आणि त्या दिवशी अपघाताच्या बातम्या शोधायच्या नाहीत. कृती थांबवणं अगदीच जमत नसेल तर आधी दहा मिनिटं पुढे ढकला. आणि हातून झालीच, तर चिडचिड न करता तोच प्रसंग पुन्हा सुरू करा.

विचार बंद झाले का, यावरून प्रगती मोजू नका. त्यांच्यापायी किती वेळ गेला, काय काय टाळलं, यावरून मोजा. डॉक्टर येल-ब्राउन ही दहा प्रश्नांची मोजणी वापरतात. तिच्यात ० ते ४० गुण असतात आणि तिथेही विचारांच्या आशयाला गुण नाहीत. वेळ, त्रास, अडथळा आणि ताबा यांना आहेत.

घरच्यांनी काय करायचं?

सगळ्यांत कठीण काम तुमचं आहे, कारण तुम्हाला मायेने केलेली मदत थांबवायची आहे. ‘अगं, तू किती प्रेमळ आहेस, तू कशी मारशील?’ हे म्हणणं बंद करायचं. एकदम नव्हे, आणि भांडणात तर मुळीच नव्हे. रुग्ण शांत असताना दोघांनी बसून ठरवायचं: आजपासून हा प्रश्न आला की उत्तर काय द्यायचं. ‘हा प्रश्न ओसीडीचा वाटतोय. याचं उत्तर मी देणार नाही, पण मी इथेच बसलोय,’ असं म्हणून खरंच बसायचं. सुऱ्या लपवायच्या नाहीत. बाळाची कामं हळूहळू आईकडे परत द्यायची. पहिले काही दिवस ती रडेल, रागावेल. ठरलेल्या वाक्यापासून हलू नका.

अंगारे, उतारे, ‘मन खंबीर कर’, ‘नामस्मरण वाढव’ यांनी हा आजार बरा होत नाही, उलट लाज वाढते. बाधा झाली म्हणून कुणाकडे नेऊन मारहाण किंवा उपास घडवणं तर सरळ छळ आहे. आणि तिने विश्वासाने सांगितलेला विचार नातेवाइकांत बोलू नका, भांडणात तिच्या तोंडावर फेकू नका. एकदा तसं झालं की ती पुढे कुणालाच काही सांगणार नाही.

पुन्हा उलटलं तर

हा आजार पुन्हा डोकं वर काढू शकतो. परीक्षा, बाळंतपण, घरातलं आजारपण, जागरणं अशा काळात शक्यता वाढते. बऱ्याचदा विषय बदलून येतो: सुरीची भीती गेली आणि आता ‘चुकून कुणाला विष दिलं असेल का?’ सुरू झालं. नवा विषय बघून ‘हे मात्र वेगळं आहे, हे खरं असेल’ असं प्रत्येक वेळी वाटतं. जुनी वही काढा, नव्या विषयाची शिडी लिहा आणि खालच्या पायरीपासून सुरुवात करा. दोन आठवड्यांत पकड सुटत नसेल तर पुढची तारीख यायची वाट न पाहता थेरपिस्टला फोन करा, आणि औषध चालू असेल तर डोस स्वतःच्या मनाने बदलू नका.